एकदा जेवायला या हं!

नऊ नंबरच्या खोलीत चूलच पेटत नाही, ही बातमी धोंडू मिस्त्रीच्या चाळीत पहिल्यांदा फोडली ती तळमजल्याच्या जयंतीभाईंनी. घाटकोपरच्या आमच्या त्या गल्लीत किराणा सगळा त्यांच्याकडूनच यायचा. त्यामुळे कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाकडे उपास आहे आणि कुठल्या नवराबायकोत अबोला चाललाय, हे त्यांना पुड्या बांधता बांधता समजायचं. "नव नंबरवाली बाय," तराजूचा काटा बोटानं थांबवत ते म्हणाले, "घासलेट लेते नाय, कोलसा लेते नाय. मंग काय, हवा खाते?"

तळमजल्यावर एवढंच होतं. जिना चढता चढता ते वाढलं. पहिल्या मजल्यावर असं ठरलं, की बाई घरात काही रांधतच नाही, पाळीपाळीनं चाळीत जेवते. दुसऱ्या मजल्यावर पोचेतो ती एडनला कुठल्याशा गोऱ्या साहेबाकडे अशीच रोज जेवायला जायची आणि साहेबानं शेवटी कंटाळून तिला बोटीत बसवून इकडे पाठवून दिलं, इथवर मजल गेली. चाळीला तिसरा मजला नव्हता, नाहीतर साहेबाचं नावही कळलं असतं.

तर खरं काय ते आधी सांगून टाकते. नऊ नंबरात एक सोडून दोन स्टोव्ह होते, दोन्ही पितळी, दोन्ही लखलखीत. माहुलला समुद्राकाठी जो नवा तेलकारखाना उभा राहिला होता, तिथं ही बाई टेलिफोनच्या बोर्डावर होती आणि तिथल्या नोकरमाणसांना घासलेट कारखान्यातूनच मिळायचं. जयंतीभाईंच्या पिंपाला ती हात कशाला लावेल? आणि चाळीत ती जेवायला जायची, हे मात्र खरं. पण ती जायची, कारण तिला लोकांनी बोलावलं होतं.

तिचं नाव माणिक टिपणीस. वय पस्तिशीच्या आतबाहेर. जन्म रंगूनचा. वडील, शरच्चंद्रराव, तिथं तारखात्यात. जपानी आले तेव्हा बापलेकीनं ब्रह्मदेश सोडला, कलकत्त्याच्या धक्क्यावर चार दिवस काढले आणि नोकरी मिळाली म्हणून थेट इराणात अबादानला गेली. तिथं तेलकंपनीत ती टेलिफोन जोडायला शिकली. पुढं तिथून इंग्रजांनी गाशा गुंडाळला, तशी यांनीही पेट्या बांधल्या आणि एडन गाठलं. एडनला वडील वारले. मग ती एकटीच बोटीत बसली आणि पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर 'स्वदेशी' आली. स्वदेशी म्हणजे ज्या देशात ती कलकत्त्याचे ते चार दिवस सोडले तर कधी राहिलीच नव्हती, तिथं. रंगूनची बाजारपेठ तिला पाठ होती. घाटकोपरला मात्र स्टेशनाच्या कुठल्या बाजूला उतरायचं, हेही तिला पुन्हा पुन्हा विचारावं लागे.

मराठी ती वडिलांकडून शिकलेली आणि वडिलांजवळच्या बांधून ठेवलेल्या जुन्या मासिकांतून. त्यामुळे पहिल्याच सकाळी नळावर हंडा घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "क्षमा असावी. या नळास पाणी केव्हा येते बरे?"

नळावर सगळ्यांचे हंडे थांबले. अकरा नंबरच्या वनमालाबाई मालवणकडच्या. त्यांचे काशीराम पूर्वी गिरणीत होते, आता विक्रोळीच्या एका कारखान्यात. वनमालाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला विचारलं, "ही बाय बोलता की पोथी वाचता?"

आता नऊ नंबरची खोली कोणाची, ते सांगायला हवं. ती माझ्या मामाची, नंदकुमारमामाची. त्याची रेल्वेतली बदली भुसावळला झाली, म्हणून किल्ली माझ्या आईकडे, आठ नंबरच्या कुंदाताईंकडे. मामा म्हणाला होता, "पाडव्यापर्यंत ठेवून बघ त्या बाईला. एकटी आहे, परदेशातली आहे, चाळीत मिसळली तर राहू दे. नाही जमलं तर इथल्या आमच्या साहेबांचे मेहुणे खोली मागताहेत. पाडव्याला येतो आणि तू सांगशील तसं करतो."

हे माणिकला ठाऊक होतं, कारण आईनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. खोली गेली तर कुवेतला टेलिफोनच्या बाया हव्या होत्या, तिथली जागा तिच्यासाठी होती. म्हणजे पुन्हा बोट, पुन्हा नवं बंदर, पुन्हा 'इथं पाणी केव्हा येतं'. तिला आता कुठंही जायचं नव्हतं. नंतर तिनंच मला सांगितलं, की आमच्या गॅलरीत पहिल्या संध्याकाळी उभी होती तेव्हा शेजारून कोणाच्या तरी फोडणीचा वास आला आणि आतून कोणीतरी मराठीत पोराला धपाटा घातला. तिला इतकं बरं वाटलं, की ती तिथंच उभी राहून पुढचा धपाटा ऐकायला थांबली.

पण मिसळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कळेना. गॅलरीतून जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय, झालं का जेवण?" माणिकला हे फारच हृद्य वाटलं. ती थांबून खरं खरं उत्तर द्यायची. "आज नाही झाले. भात करपला. वरण केले होते, परंतु मीठ दोनदा पडले." विचारणारी बिचारी पुढं चालू लागलेली असायची, तिला परत मागं वळावं लागायचं. वनमालाबाईंनी एकदा तर नाइलाजानं वाटीभर उसळ आणून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, नुसतं हसून निघून गेल्या. माणिक दिवसभर विचार करत राहिली, की आज आपल्या जेवणाची चौकशी का झाली नाही?

टेलिफोनच्या बोर्डावर आयुष्य गेलेलं. तिथं पलीकडचा माणूस म्हणतो 'स्टोअरकीपर द्या', की स्टोअरकीपरच द्यायचा. मनात काय होतं हे विचारायचं नसतं. शिवाय शरच्चंद्रराव अबादानच्या उकाड्यात अंगणात खाट टाकून पडले, की लेकीला सांगायचे, "इथल्या लोकांच्या बोलण्यावर जाऊ नकोस, माणिक. आपला मराठी माणूस मात्र बोलेल ते खरं. तो ये म्हणाला, की ये." ते स्वतः तीस वर्षांत इकडे फिरकले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

आणि चाळीतल्या बायका तर तिला पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या होत्या, "एकदा जेवायला या हं!"

ती विचारायची, "केव्हा?"

"अहो, केव्हाही! तुमचंच घर आहे."

एका मंगळवारी दिवेलागणीनंतर आमच्या दाराशी ती उभी राहिली. इस्त्रीचं पातळ, हातात खजुराची पुडी. आई परातीत कणीक मळत होती.

"या या," आई म्हणाली. "काही काम होतं का?"

"जेवावयास आले."

आईचा हात परातीत थांबला. वर्तमानपत्रामागून आमच्या अण्णांचा आवाज आला, "वा! अगदी वेळेवर आलात!" अण्णा कोणालाही हेच म्हणतात. वसुलीवाल्यालाही म्हणतात. माणिकला मात्र ते ऐकून धन्य वाटलं.

"बसा, अगदी संकोच करू नका," आई म्हणाली. तिनं केला नाही. "लोणचं हवं तर सांगा हं," म्हटल्यावर ती उठली आणि फळीवरून बरणी स्वतःच घेऊन आली, कारण घर तिचंच होतं.

"आमटी आणखी थोडी?"

"हो."

"पोळी?"

"हो. फार मऊ झाली आहे."

"घ्या ना आणखी, लाजू नका," आई म्हणाली. आता ती 'पुरे' म्हणेल, असं आमच्याकडच्या सगळ्यांना वाटलं. बाळा, माझा धाकटा भाऊ, तर श्वास रोखून बघत होता.

"बरे," माणिक म्हणाली.

आईची पळी पातेल्याच्या तळाला खण्णकन लागली. त्या रात्री आई लोणच्याशी सकाळचा भात जेवली. आणि माणिक आपल्या खोलीत जाऊन वडिलांच्या तसबिरीपुढं उभी राहून म्हणाली, "तुमचे खरे होते."

शुक्रवारी ती वनमालाबाईंकडे गेली. "ये गो, बस," वनमालाबाई म्हणाल्या, आणि मागच्या मागं पोराला पिटाळलं, "कुंदाताईंकडसून तांदूळ आण वायच." म्हणजे त्या दिवशीही ती आमचाच भात जेवली म्हणायची. काशीराम घरी आले, तर कढीत मासळीचा तुकडा उरला नव्हता. नुसता कढीकडे बघत राहिला हो तो गृहस्थ, असं वनमालाबाईंनी गॅलरीत सगळ्यांना सांगितलं.

मग गॅलरीत बोलणं सुरू झालं. माणिक आली की थांबे, गेली की पुन्हा सुरू होई. आई म्हणाली, "नंदूला काय सांगू? स्वभावानं वाईट नाही गं. पण हे असं? पाडवा जवळ आलाय."

माणिकला हे थांबणं ऐकू येत होतं. लाइन मध्येच तुटली की कानाला जसं लागतं, तसं. ती बुचकळ्यात पडली. बोलावलं तेव्हा गेले. वाढलं ते खाल्लं. टाकलं काही नाही. वाखाणलं मनापासून. मग चुकलं कुठं? कारखान्याच्या बसमध्ये बसल्या बसल्या, चेंबूर मागं पडलं तरी, तिच्या डोक्यात हेच. शेवटी माहुल येता येता तिला एकदम उलगडलं. आपण यांना जेवायला बोलावलंच नाही! नुसतंच खाऊन बसलो. कोणाला राग येणार नाही?

संध्याकाळी ती घरोघर गेली. "येत्या रविवारी दुपारी आपण सर्वांनी माझ्याकडे जेवावयास यावे."

"अहो, कशाला उगाच त्रास?" आई म्हणाली.

"त्रास होत असता तर बोलावले नसते."

आई गांगरली. "येऊ की," म्हणाली. वनमालाबाई म्हणाल्या, "येतंव गो, येतंव." दार लावून घेतल्यावर आई अण्णांना म्हणाली, "जाऊन तर बघू. हातचं काय आहे ते कळेल. मग नंदूला काय ते एकदाच सांगता येईल." भिंत पातळ होती. हे पलीकडे नऊ नंबरात शब्द न् शब्द ऐकू गेलं. माणिकनं त्या रात्री रंगूनची, अबादानची आणि वडिलांची अशा सगळ्या पाककृती आठवायला घेतल्या.

रविवारी पहाटेपासून तिचे दोन्ही स्टोव्ह फरफरत होते. ब्रह्मदेशातल्यासारख्या नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया. इराणी पद्धतीचा भात, ज्याची तळाची खरपूस खापरी अख्खी सोडवून वर मांडतात. आणि वडील शिकवून गेलेलं वालाचं बिरडं. तिनं पाट मांडले, जे कमी पडले तिथं घड्या घातलेल्या चादरी टाकल्या. पानं मांडली, पाणी ठेवलं. दार सताड उघडं टाकलं आणि बसली.

कोणी आलं नाही.

दुपार झाली. कोणी आलं नाही. ती गॅलरीत येऊन हळूच डोकावली. आमचं दार अर्धवट उघडं. आत अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून खुर्चीत बसलेले. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. बाळाच्या केसांना तेल लावून पाणी मारलेलं. माणिक परत फिरली. तिनं विचार केला, नटूनथटून बसली आहेत, म्हणजे आज यांना दुसरीकडे जायचं आहे. माझ्याकडे यायचं नाही म्हणून.

आणि आमच्या खोलीत काय चाललं होतं? आमचा स्टोव्ह त्या दिवशी पेटलाच नव्हता. भिंतीपलीकडून नारळाच्या दुधाचा वास येत होता आणि बाळा जमिनीवर लोळण घेत होता. पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून सगळं कुजबुजत चाललं होतं.

"आई, चल ना!"

"बोलावणं आल्याशिवाय उठायचं नाही."

"बोलावलंय की!"

"ते आमंत्रण. पानं वाढली की बोलवायला येतात ना दारात? काय आपण भुकेले आहोत, आपणहून जाऊन पाटावर बसायला?" आई म्हणाली, आणि तिच्याच पोटात गुडगुडलं. अण्णांनी वर्तमानपत्राचं तेच पान पुन्हा वाचायला घेतलं. "एवढं सांगून गेली आणि बोलावणं नाही! शोभा केली नुसती. आता नंदूला काय सांगायचं ते ठरलं माझं."

मग माझ्याकडे वळून, "ए, जरा जाऊन बघ. आत जायचं नाही. बघतेयस असं दिसूही द्यायचं नाही."

मी वाळत घातलेला टॉवेल आणायला गेल्यासारखी गेले. नऊ नंबरात पाट, पानं, चादरी, सगळं जागच्या जागी. आणि माणिकबाई पेटीशी बसून चिनी मातीच्या कपबश्या एकेक करून जुन्या कागदात गुंडाळत होत्या.

"हे काय? कुठं निघालात?"

"कुवेत."

"आज?"

"आज बोट नाही. परंतु गुंडाळण्यास वेळ लागतो," त्या म्हणाल्या. आवाज बोर्डावरच्यासारखा, सपाट. "मी बोलावले, कोणी आले नाही. उत्तर मिळाले."

"अहो, सगळे बसलेत की! तयार होऊन. तुमच्या बोलावण्याची वाट बघत."

"बोलावले होते. घरोघर जाऊन."

"ते आमंत्रण झालं. बोलावणं कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चुकीचा नंबर मागितलाय. मग मी त्यांना करूनच दाखवलं. आधी आदल्या दिवशीची बाई झाले, "उद्या आमच्याकडेच जेवायचं हं!" मग त्याच दिवशीची झाले, दारात येऊन, पदर खोचून, "चला, पानं वाढलीयत, चला ना गं!" पहिल्यावर आंघोळ करायची, दुसऱ्यावर उठायचं. मध्ये कोणी उठत नाही. आणि नुसतं 'एकदा जेवायला या हं' हे तर ह्या दोन्हींत नाही. ते म्हणजे... ते नुसतं म्हणायचं असतं.

हातातली बशी त्यांनी हळूच खाली ठेवली. "म्हणजे, कुंदाताईंनी मला 'या' म्हटले, ते 'या' नव्हते?"

"नव्हतं."

"आणि मी गेले."

"गेलात."

"आणि मी आज बोलावले, ते बोलावणे नव्हते?"

"बरोब्बर!"

"आणि हे सर्वांना ठाऊक आहे?"

"जन्मापासून."

त्या पेटीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "बाबांनी यातले काहीच सांगितले नव्हते." त्या रागावल्या होत्या, की त्यांना हसू येत होतं, ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. तेवढ्यात त्या उठल्याच. "जाते. बोलावते."

"आता काय उपयोग? वेळ टळली," मी म्हटलं. "आई रुसलीय. तुम्ही 'चला' म्हणाल, ती 'नको, आमचं झालं' म्हणेल. आणि तुम्ही 'बरे' म्हणून परत याल. पैज!"

"कशाची?"

"मी हरले तर आजची सगळी भांडी मी घासीन. तुम्ही हरलात, तर तुम्ही कुवेतला जाणारच आहात. तर तेवढ्या त्या कपबश्या मला ठेवून जा."

"मान्य," त्या म्हणाल्या आणि पदर खोचला. अगदी मी दाखवला होता तसा.

आधी अकरा नंबर. "चला, पाने वाढली आहेत." वनमालाबाईंनी दार उघडलं ते पोरांना पुढं ढकलतच. "आता गो येतंस? पोरां भुकेन कासावीस झाली! माका वाटला, तुका आमचो राग इलो. चला रे, बोलावणा इला!" त्यांचं 'नको' वगैरे काही नव्हतंच. पण पैज त्यांच्यावर नव्हती.

मग आठ नंबर. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि मनातल्या मनात कपबश्या आमच्या फळीवर मांडू लागले.

"चला, पाने वाढली आहेत."

"आता?" आई म्हणाली. "आता नको हो. आमचं कधीच आटपलं."

"कुठं आटपलं?" आतून बाळा किंचाळला. त्याला कोणीतरी गप्प केलं.

मी 'बरे' ऐकायला कान टवकारले.

"असे कसे?" माणिकबाई म्हणाल्या. "आपल्यावाचून पाने तशीच आहेत."

"नको, खरंच नको."

"दोन घास."

"पोटात जागा नाही हो. पुन्हा कधीतरी येऊ ना."

माणिकबाईंनी क्षणभर विचार केला. मग पातळ सावरून, शांतपणे, आमच्या उंबऱ्यावर बसल्या.

"अहो! अहो, हे काय!" आईचा आवाज चढला. "उंबऱ्यावर काय बसता? भरल्या घराच्या उंबऱ्यावर बसतं का कोणी? उठा, उठा आधी!"

"आपण निघालात की उठते."

"अहो, अशुभ असतं ते!"

"असेल. मला ठाऊक नाही. मला पुष्कळच गोष्टी ठाऊक नाहीत," माणिकबाई म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत. "आपण चला. पाने वाढली आहेत."

अण्णा कधीच चपला घालून तयार होते. आईनं एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, एकदा देवाच्या फळीकडे पाहिलं. "बरं बाई, चला! पण उठा तेवढ्या!"

पंगत बसली. शेवया पाहून आई म्हणाली, "शेवया आणि तिखट?" वनमालाबाईंनी चाखून निकाल दिला, "नारळ आसा. म्हणजे आमचाच पदार्थ." भाताच्या खरपूस खापरीवरून बाळाची आणि अकरा नंबरच्या पोरांची मारामारी झाली. बिरडं खाताना मात्र आई एकदम गप्प झाली आणि तिनं ते न विचारता पुन्हा वाढून घेतलं.

आता नवाच गोंधळ. माणिकबाईंना आज नियम कळला होता, की 'नको' म्हणजे नको नव्हे. त्यांनी तो सगळ्यांना सरसकट लावला. काशीराम बिचारे हात आडवा धरून "बाय, नको, खराच नको," म्हणत होते आणि त्यांच्या हाताच्या बाजूनं शेवया पानात पडत होत्या. अण्णांनी पान उचलून मागं सरकायला सुरुवात केली, तर त्या पाठोपाठ आल्या.

"अहो, आता खरं नको आहे त्यांना!" आई हसू लागली.

"ते कसे ओळखावयाचे?"

आईनं वनमालाबाईंकडे पाहिलं. त्या पानाकडे बघू लागल्या. अण्णांनी छताकडे पाहिलं.

"ते... ते कळतं," आई म्हणाली.

"कशावरून?"

मग आईला हसू आवरेना. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "अहो, त्या मंगळवारी मी लोणचं-भात खाल्ला हो!" आणि सगळी हकिगत सांगितली, पळीच्या खण्ण आवाजासकट. माणिकबाई ऐकता ऐकता लालबुंद झाल्या. काशीरामांनी तेवढ्यात मासळीच्या कढीचंही उरकून घेतलं.

हसणं ओसरल्यावर आई म्हणाली, "पाडव्याला नंदू येईल. त्याला सांगते, त्या साहेबांच्या मेहुण्यांना दुसरीकडे खोली बघायला सांग. तुम्ही राहा इथंच."

माणिकबाईंनी हातातली पळी पातेल्यात ठेवली. "कुंदाताई, एक विचारते. हे 'राहा' खरे आहे? की ते 'एकदा जेवायला या'सारखे?"

"खरं आहे."

"मग मी आणखी दोनदा नको म्हणावयास हवे?"

"नको!" आई म्हणाली, आणि सगळी पंगत दचकून तिच्याकडे बघू लागली. "अहो, खरं नको! राहा मुकाट्यानं."

उन्हं कलल्यावर मी भांडी घेऊन नळावर बसले. भाताची हंडी केवढी तरी, शेवयांचं पातेलं, झारे, पळ्या. वर अकरा नंबरच्या पोरांनी पानांबरोबर दडवलेल्या वाट्या. हंडीच्या तळाला इराण असा घट्ट बसला होता, की राखेची अख्खी मूठ संपली. माणिकबाई शेजारच्या पायरीवर उभ्या होत्या.

"पण तुम्ही 'बरे' म्हणून परत का नाही आलात?" मी विचारलं. "तुम्ही तर नेहमी बोललेलं खरंच धरता."

"आजवर मला वाटत होते, की येथे 'नको' म्हणजे नको," त्या म्हणाल्या. "अबादानला आमच्या शेजारी इराणी बाई होती. ती प्रत्येक गोष्टीस चार वेळा नको म्हणे. मला सवय होती. दारात बसले की ती पाचव्यांदा म्हणत नसे. मला फक्त हे कोणी सांगितले नव्हते, की आपणही तसेच."

मी हंडी पालथी केली. हात दुखत होते. त्या वाकून म्हणाल्या, "मदतीस येऊ का?"

"नको," मी म्हटलं.

"बरे," असं म्हणून त्या जिना चढून वर गेल्या.